माजी अमेरिकी अध्यक्षांच्या परदेशी गाठीभेटींचे टिपण कसे तयार करावे

पदावरून पायउतार झालेला अमेरिकेचा अध्यक्ष एखाद्या देशाच्या पंतप्रधानांना किंवा राजाला भेटला की आपल्या वृत्तपत्रांत त्याचे छायाचित्र येते, खाली दोन ओळी येतात आणि विषय तिथेच संपतो. मुंबईतील राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, दिवाळी अंकांसाठी आंतरराष्ट्रीय विषयांवर लिहिणारे लेखक आणि वृत्तपत्राच्या परराष्ट्र पानावर काम करणारे उपसंपादक या सर्वांना अशा भेटीचा अर्थ लावावा लागतो, परंतु तो कसा लावावा याची पद्धत सहसा शिकवली जात नाही. ती पद्धत येथे मांडली आहे. माजी अध्यक्षाकडे करार करण्याचा, सैन्य हलवण्याचा किंवा मदत मंजूर करण्याचा कोणताही अधिकार उरलेला नसतो आणि तरीही परदेशी नेते त्याच्यासाठी वेळ काढतात. म्हणून भेटीचे कारण माजी अध्यक्षाच्या भाषणात न शोधता समोरच्या नेत्याच्या गरजेत शोधावे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे.

त्या दिवशी तो कोण होता, हे आधी ठरवावे

टिपणाच्या पहिल्या ओळीत भेटीची तारीख लिहावी आणि त्या तारखेला माजी अध्यक्ष कोणत्या नात्याने गेला होता, हे तिच्याशेजारी नोंदवावे. एकच व्यक्ती वेगवेगळ्या वर्षी अगदी वेगळ्या नात्याने परदेशी जाते आणि हे नाते चुकले तर पुढचे सारे विवेचन चुकते.

काही वेळा विद्यमान अध्यक्षच त्याला पाठवतो. मे १९१० मध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांच्या अंत्यविधीला अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून थिओडोर रूझवेल्ट गेले, ते अध्यक्ष टाफ्ट यांच्या नियुक्तीने. ऑक्टोबर १९८१ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या झाली, तेव्हा रोनाल्ड रेगन यांनी स्वतः न जाता निक्सन, फोर्ड आणि कार्टर या तिघा माजी अध्यक्षांना कैरोला पाठवले. सप्टेंबर १९९४ मध्ये हैतीच्या लष्करशहांनी सत्ता सोडावी यासाठी जिमी कार्टर, सिनेटर सॅम नन आणि निवृत्त जनरल कॉलिन पॉवेल गेले, तेही क्लिंटन यांच्या वतीने. अशा प्रसंगी माजी अध्यक्ष हा सरकारचा दूत असतो आणि त्याचे बोलणे सरकारचे बोलणे म्हणून तपासता येते.

याच्या दुसऱ्या टोकाला माजी अध्यक्षाने सरकारला डावलून केलेली कृती असते. नोव्हेंबर १९९० मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्यास संमती देणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे येणार होता. त्या वेळी कार्टर यांनी परिषदेच्या सदस्य देशांच्या नेत्यांना पत्रे लिहून युद्धाऐवजी वाटाघाटींचा आग्रह धरला. त्यांच्याच देशाचे सरकार ज्या ठरावासाठी मते गोळा करत होते, त्या ठरावाविरुद्ध ही पत्रे होती. ठराव २९ नोव्हेंबरला संमत झाला आणि पत्रांचा मतदानावर परिणाम झाला नाही, परंतु माजी अध्यक्षाने कोणती सीमा ओलांडावी आणि कोणती ओलांडू नये, या वादात आजही हे उदाहरण पहिल्यांदा पुढे येते.

या दोहोंच्या मधली अवस्था ओळखणे सर्वांत कठीण असते. उत्तर कोरियाच्या अणुकार्यक्रमावरून पेच निर्माण झाला असताना जून १९९४ मध्ये कार्टर त्या देशाच्या राजधानीत, प्योंगयांगला, गेले ते खासगी नागरिक म्हणून, पण क्लिंटन प्रशासनाला विचारून आणि माहिती घेऊन. तेथील नेते किम इल सुंग यांच्याशी बोलणे झाल्यावर त्यांनी सीएनएन वाहिनीवरून तोडग्याची रूपरेषा थेट जाहीर केली. व्हाइट हाउसमध्ये त्याच वेळी निर्बंधांवर आणि लष्करी तयारीवर चर्चा चालू होती आणि तेथील अधिकाऱ्यांना हा तोडगा दूरचित्रवाणीसमोर बसून समजून घ्यावा लागला. अशा प्रवासाला ‘सरकारी’ किंवा ‘खासगी’ असे एकच विशेषण लावू नये. कोणत्या दिवसापर्यंत तो सरकारच्या संमतीने चालला होता आणि कोणत्या क्षणी माजी अध्यक्षाने स्वतःचा मार्ग धरला, हे स्वतंत्र वाक्यांत लिहावे.

चौथी अवस्था अलीकडे महत्त्वाची झाली आहे. माजी अध्यक्ष पुन्हा उमेदवार असेल, तर तो एकाच वेळी भूतकाळातला आणि कदाचित भविष्यातला सत्ताधीश असतो. डोनाल्ड ट्रंप २० जानेवारी २०२१ ते २० जानेवारी २०२५ या काळात माजी अध्यक्ष होते, पण त्यांच्या २०२१ मधल्या आणि २०२४ मधल्या भेटींना एकाच मापाने मोजता येत नाही.

कायदा थोडक्यात, पण अचूक लिहावा

मराठी लेखांत अशा भेटींना ‘बेकायदा’ म्हणण्याची घाई पुष्कळदा दिसते. अमेरिकेत १७९९ चा लोगन कायदा आहे. देशाचा एखाद्या परकीय सरकारशी वाद चालू असताना अधिकार नसलेल्या नागरिकाने त्या सरकारशी संधान बांधून त्याच्या भूमिकेवर परिणाम करण्याचा प्रयत्न करणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. परंतु या कायद्याखाली सव्वादोनशे वर्षांत केवळ दोनदा, १८०३ आणि १८५२ मध्ये, आरोप ठेवले गेले आणि शिक्षा एकदाही झाली नाही. म्हणून या कायद्याचा उल्लेख करताना त्याचा इतिहासही त्याच वाक्यात द्यावा. नुसते नाव घेतल्याने वाचकाचा गैरसमज होतो.

१९५८ च्या कायद्याने माजी अध्यक्षांना निवृत्तिवेतन, कार्यालय आणि कर्मचारी मिळतात, आणि त्यांना ‘सिक्रेट सर्व्हिस’ या सुरक्षा दलाचे संरक्षण असते. यातील संरक्षणाचा मुद्दा अभ्यासकाच्या फार उपयोगाचा आहे, कारण सुरक्षा पथक बरोबर असलेला माणूस यजमान देशाच्या पोलिसांना आणि अमेरिकेच्या वकिलातीला कळल्याशिवाय कुठेही उतरू शकत नाही. त्यामुळे अशी भेट सरकारला ठाऊकच नव्हती, असा दावा कोणी केला तर तो सहज स्वीकारू नये. सरकारला प्रवास ठाऊक होता, हे बहुधा खरे असते. तेथे काय बोलले जाणार, हे मात्र ठाऊक असेलच असे नाही.

कागदपत्रांच्या मालकीचा नियम तर आवर्जून समजून घ्यावा. १९७८ च्या कायद्याने अध्यक्षाच्या कारकिर्दीतील अधिकृत कागद राष्ट्राच्या मालकीचे ठरले आणि तो नियम जानेवारी १९८१ पासूनच्या कारकिर्दींना लागू झाला. उत्तर कोरियाचे नेते किम जोंग उन यांनी ट्रंप यांना लिहिलेली पत्रे जानेवारी २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराने ट्रंप यांच्या फ्लोरिडातील मार-ए-लागो या निवासस्थानाहून परत नेली, ती याच कारणाने. परदेशी नेत्याने अध्यक्षाला लिहिलेले पत्र पद सुटल्यावर त्याच्याबरोबर घरी जात नाही. याउलट पद सोडल्यानंतर झालेला पत्रव्यवहार खासगी असतो आणि तो उघड करण्याचे बंधन कोणावर नसते. अभ्यासकाला त्यामुळे माजी अध्यक्षाच्या कपाटापेक्षा त्या काळातील विद्यमान अध्यक्षाच्या संग्रहात अधिक सापडते: कार्टर यांच्या १९९४ च्या प्रवासाचे सरकारी कागद पाहायचे असतील तर क्लिंटन यांच्या ग्रंथालयाकडे वळावे लागते.

परदेशी नेत्याला काय हवे होते, हे शोधावे

टिपणाचा सर्वांत मोठा भाग या प्रश्नाला द्यावा. त्यासाठी त्या देशाची भेटीपूर्वीच्या सहा महिन्यांतली परिस्थिती वाचावी आणि भेटीच्या आठवड्याचे दोन्ही देशांचे राजकीय वेळापत्रक शेजारी मांडावे.

रिचर्ड निक्सन यांचा फेब्रुवारी १९७६ चा चीन दौरा यासाठी उत्तम नमुना आहे. वॉटरगेट प्रकरणामुळे ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्षपदाचा राजीनामा देऊन ते गेले होते, देशात त्यांचे नाव घेणेही त्यांच्या पक्षाला अवघड झाले होते. अशा माणसासाठी चीनने स्वतःचे विमान पाठवले आणि त्यांच्या पहिल्या ऐतिहासिक भेटीला चार वर्षे पूर्ण होत असताना त्यांना बीजिंगला नेले. माओ त्से तुंग यांची प्रकृती खालावलेली असतानाही त्यांनी निक्सन यांना भेट दिली. आता वेळापत्रक पाहावे. न्यू हॅम्पशायरमध्ये २४ फेब्रुवारीला रिपब्लिकन पक्षाची उमेदवार ठरवण्यासाठीची प्राथमिक निवडणूक होती आणि निक्सन यांना माफी देणारे विद्यमान अध्यक्ष जेराल्ड फोर्ड तेथे रेगन यांच्याशी झुंजत होते. चीनच्या बाजूला जानेवारीतच पंतप्रधान चौ एन लाय यांचे निधन झाले होते, आणि सोव्हिएत संघाशी जुळवून घेण्याचे फोर्ड यांचे धोरण चिनी नेत्यांना पसंत नव्हते. निक्सन यांना बोलावून त्यांनी विद्यमान अध्यक्षाला आपली नाराजी कळवली. निक्सन यांना प्रतिष्ठा हवी होती हे खरेच, पण ते १९७५ मध्येही खरे होते. त्या आठवड्याचा खुलासा केवळ चीनच्या गरजेने होतो.

याच निक्सन यांना मार्च १९९४ मध्ये मॉस्कोत उलटा अनुभव आला. त्यांनी रशियाचे अध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांना भेटण्यापूर्वी त्यांचे कडवे विरोधक अलेक्झांडर रुत्स्कोय यांची भेट घेतली. येल्त्सिन यांनी आपली भेट रद्द केली आणि निक्सन यांना दिलेली मोटार व संरक्षकही काढून घेतले. यजमानाला ज्याचा उपयोग नाही किंवा ज्याचा त्रास होतो, त्या पाहुण्याच्या जुन्या पदाला किती किंमत उरते, हे या प्रसंगात स्पष्ट दिसते.

उत्तर कोरियाच्या बाबतीत गरज आणखी उघड असते. ऑगस्ट २००९ मध्ये बिल क्लिंटन प्योंगयांगला गेले आणि बारा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या दोन अमेरिकी महिला पत्रकारांना घेऊन परतले. पत्रकारांची सुटका हा माणुसकीचा भाग झाला. पण किम जोंग इल यांना मिळाले ते अमेरिकेच्या माजी अध्यक्षाबरोबरचे छायाचित्र, आणि तेही त्याची पत्नी परराष्ट्रमंत्री असताना. क्लिंटन त्या छायाचित्रात हसत नाहीत. असे तपशील टिपणात जरूर घ्यावेत, कारण माजी अध्यक्षाने आपल्या बाजूने किंमत किती कमी ठेवण्याचा प्रयत्न केला, हे त्यांतून कळते.

२०२४ च्या भेटी वाचताना हीच कसोटी लावावी. हंगेरीचे व्हिक्टर ओर्बान मार्चमध्ये आणि पुन्हा ११ जुलैला ट्रंप यांना फ्लोरिडात भेटले. दुसऱ्या भेटीआधीच्या दोन आठवड्यांत ते कीव्ह, मॉस्को आणि बीजिंग येथे जाऊन आले होते आणि १ जुलैपासून युरोपीय संघाच्या परिषदेचे फिरते अध्यक्षपद त्यांच्या देशाकडे होते. पोलंडचे आंद्रेय दुदा १७ एप्रिलला न्यूयॉर्कमध्ये भेटले. युक्रेनची मदत अमेरिकी प्रतिनिधिगृहात अडकलेली असतानाचे ते दिवस होते. ब्रिटनचे किअर स्टार्मर २६ सप्टेंबरला आणि युक्रेनचे वोलोदिमिर झेलेन्स्की २७ सप्टेंबरला भेटले. झेलेन्स्की त्याच्या आदल्या दिवशी अध्यक्ष बायडेन आणि उपाध्यक्ष हॅरिस यांना भेटले होते आणि इस्राएलचे नेतान्याहू यांनीही जुलैत आधी वॉशिंग्टन, मग फ्लोरिडा असाच क्रम ठेवला होता. या क्रमाला राजशिष्टाचारात अर्थ आहे: सत्तेवरील सरकारचा मान आधी राखायचा आणि उद्या येऊ शकणाऱ्या सरकारचे दारही बंद होऊ द्यायचे नाही. ओर्बान यांनी नाटोच्या बैठकीसाठी वॉशिंग्टनला येऊनही बायडेन यांच्याशी स्वतंत्र बोलणे न करता फ्लोरिडा गाठले, हा फरक म्हणूनच ठळक नोंदवावा.

न झालेली भेट ही नोंद घेण्यासारखी घटना असते, आणि याचे उदाहरण आपल्याच देशाचे आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या ‘क्वाड’ गटाच्या परिषदेसाठी अमेरिकेला जाणार होते, तेव्हा ते आपल्याला भेटतील असे ट्रंप यांनी मिशिगनमधील सभेत जाहीर केले. प्रत्यक्षात दौरा संपला आणि भेट झाली नाही. निवडणूक तोंडावर असताना दोन्ही पक्षांशी समान अंतर राखणे दिल्लीला अधिक सोयीचे वाटले असावे, असे माझे मत आहे. मत आहे म्हणून ते मत म्हणूनच लिहावे. भेट झाली नाही, एवढेच तथ्य आहे.

खर्च कोणी केला

विमानाचे भाडे, मानधन, देणग्या आणि व्यवसाय या चार गोष्टींची चौकशी प्रत्येक टिपणात असावी. ऑक्टोबर १९८९ मध्ये रेगन जपानला गेले, तेव्हा फुजीसांकेई या माध्यमसमूहाने त्यांना सुमारे २० लाख डॉलर दिले आणि त्यावरून अमेरिकेत मोठी टीका झाली. अमेरिकी राज्यघटना पदावरील व्यक्तीला परकीय सरकारांकडून भेटवस्तू आणि लाभ घेण्यास मनाई करते, परंतु पद सुटले की ती मनाई उरत नाही. टीका नैतिक होती, कायदेशीर नव्हती, आणि टिपणात हा भेद राखला पाहिजे.

संस्थांच्या देणग्यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. हिलरी क्लिंटन परराष्ट्रमंत्री होणार हे ठरल्यावर डिसेंबर २००८ मध्ये क्लिंटन प्रतिष्ठानने देणगीदारांची यादी प्रसिद्ध केली आणि तीत सौदी अरेबिया, नॉर्वे अशी सरकारेही होती. अशी यादी दिसली की लगेच लाचेचा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्याच प्रतिष्ठानच्या कामाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ऑक्टोबर २००३ मध्ये क्लिंटन यांच्या संस्थेने एचआयव्हीच्या औषधांसाठी चार कंपन्यांशी करार केला, त्यांत मुंबईची सिप्ला होती, आणि एका रुग्णाच्या वर्षभराच्या उपचाराचा औषधखर्च १४० डॉलरच्या आसपास आला. आफ्रिकेतील आणि कॅरिबियन प्रदेशातील सरकारांशी क्लिंटन यांचे जे सलोख्याचे संबंध होते, त्यांचा लाभ तेथील औषध घेणाऱ्या माणसाला झाला. माजी अध्यक्षांच्या ओळखींचे मोल केवळ पैशाच्या संशयाने मोजणाऱ्यांनी हे उदाहरण समोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

व्यवसायाचा मुद्दा मुंबईकराला वरळीत उभा दिसतो. लोढा समूहाने बांधलेल्या ट्रंप टॉवरला ते नाव परवान्याने मिळालेले आहे. माजी अध्यक्षाचे कुटुंब ज्या देशात असा व्यवसाय करते, त्या देशाच्या नेत्याशी त्याची भेट झाली, तर व्यवसायाची नोंद टिपणात एका वाक्याने करावी. त्या वाक्यातून भेटीचे कारण सिद्ध होत नाही, पण वाचकाला ते ठाऊक असले पाहिजे.

दाव्यांची भाषा जपावी

भेटीनंतर किमान तीन निवेदने शोधावीत: माजी अध्यक्षाच्या कार्यालयाचे, परदेशी नेत्याच्या कार्यालयाचे आणि विद्यमान अमेरिकी सरकारचे. पहिल्या दोघांनी वेगवेगळे मुद्दे सांगितले असतील, तर त्या फरकातच बातमी असते, आणि तिसऱ्याने काहीच म्हटले नसेल तर तेही लिहावे.

फोनवरील संभाषणांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एका ज्येष्ठ अमेरिकी पत्रकाराच्या नव्या पुस्तकात, ट्रंप यांनी पद सोडल्यानंतर व्लादिमीर पुतिन यांच्याशी सात वेळापर्यंत संभाषण केले असावे, असे एका अनाम सहायकाच्या हवाल्याने म्हटले होते. ट्रंप यांच्या प्रचारपथकाने ते फेटाळले. क्रेमलिननेही संभाषणे झाल्याचे नाकारले, मात्र महासाथीच्या सुरुवातीला अमेरिकेहून करोना चाचणीची उपकरणे आली होती, हा त्याच पुस्तकातील दुसरा दावा मान्य केला. याचे टिपण करताना दावा कोणाचा, स्रोत नावानिशी आहे की अनाम, कोणी काय नाकारले आणि कोणी काय मान्य केले, हे चारही भाग ठेवावेत. ‘ट्रंप यांनी पुतिन यांना सात फोन केले’ असे वाक्य लिहिणे आणि ‘ही अफवा खोटी ठरली’ असे लिहिणे, या दोन्ही चुका आहेत.

भेट न होता केवळ बोलण्यानेही संबंध ढवळतात. जून २०२३ मध्ये पंतप्रधान मोदी अमेरिकेच्या शासकीय (स्टेट) दौऱ्यावर असतानाच बराक ओबामा यांनी एका मुलाखतीत भारतातील अल्पसंख्याकांविषयी मत मांडले आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्याला जाहीर उत्तर दिले. व्हाइट हाउसमधील पाहुणचार एका सरकारचा आणि मुलाखत एका माजी अध्यक्षाची, हे दोन स्वर एकाच आठवड्यात ऐकू आले. दिल्लीने उत्तर ओबामा यांना दिले आणि बायडेन प्रशासनाशी चाललेली बोलणी त्यापासून अलग ठेवली, ही गोष्ट राजनैतिक हाताळणी म्हणून अभ्यासण्यासारखी आहे.

श्रेय देण्याची घाई करू नये

भेटीचा परिणाम लिहिताना किमान वर्षभराच्या घटना पाहाव्यात. कार्टर प्योंगयांगहून परतल्यानंतर ८ जुलै १९९४ रोजी किम इल सुंग यांचे निधन झाले, तरीही वाटाघाटी थांबल्या नाहीत आणि २१ ऑक्टोबरला जिनिव्हात अमेरिका व उत्तर कोरिया यांच्यात अणुकार्यक्रमाविषयीचा आराखडा-करार झाला. तो करार २००२ च्या अखेरीस कोलमडू लागला. यातले कार्टर यांचे श्रेय किती? संघर्षाच्या काठावरून दोन्ही बाजूंना मागे येण्यासाठी त्यांनी वाट करून दिली, एवढे निश्चित म्हणता येते. करार मात्र सरकारी वाटाघाटी करणाऱ्यांनी केला आणि तो पुढे मोडला तो दोन वेगळ्या सरकारांच्या काळात. प्रत्येक टप्प्याचे श्रेय त्या टप्प्यावरच्या माणसाला द्यावे.

कधी परिणाम अगदी अनपेक्षित असतो. एप्रिल १९९३ मध्ये थोरले जॉर्ज बुश कुवेतला गेले, तेव्हा त्यांना मारण्याचा इराकी कट उघडकीस आल्याचे अमेरिकेने जाहीर केले आणि २६ जूनला क्लिंटन यांनी बगदादमधील गुप्तचर मुख्यालयावर क्षेपणास्त्रे डागली. १९९१ च्या युद्धात कुवेत मुक्त केल्याबद्दलचे आभार स्वीकारायला गेलेल्या खासगी नागरिकाचा प्रवास दोन देशांमधील लष्करी घटना बनला.

आपल्याकडच्या माजी राष्ट्रपतींशी तुलना करताना पदांमधला फरक लक्षात ठेवावा. प्रतिभाताई पाटील यांना २०१९ मध्ये मेक्सिकोचा ‘ऑर्डर ऑफ ॲझ्टेक ईगल’ हा सन्मान पुण्यात प्रदान झाला. तो दोन राष्ट्रांमधील सद्भावनेचा सोहळा होता. भारताचा राष्ट्रपती घटनात्मक प्रमुख असतो आणि परराष्ट्र धोरण मंत्रिमंडळ ठरवते, त्यामुळे पद सुटल्यावर त्याच्या परदेशी ओळखींना सौदेबाजीचे मूल्य नसते. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः धोरण ठरवत असतो, समोरच्या नेत्याशी त्याने वर्षानुवर्षे स्वतः घासाघीस केलेली असते, आणि तीच ओळख पुढे कामाला येते. दोन्ही पदांना एकाच तक्त्यात बसवल्यास दोन्हींवर अन्याय होतो.

मुंबईत पहिला सराव कोणत्या भेटीवर करावा

नवशिक्याने चालू घडामोडींपासून सुरुवात करू नये, कारण त्यांचे कागद बंद असतात आणि मते तापलेली असतात. अमेरिकेचे माजी अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची मुंबईभेट घ्यावी. मार्च १८७७ मध्ये पद सोडल्यावर ते जगप्रवासाला निघाले, भूमध्य समुद्रात अमेरिकी नौदलाच्या जहाजावरून हिंडले, बर्लिनमध्ये बिस्मार्क यांना भेटले आणि फेब्रुवारी १८७९ मध्ये मुंबईत उतरले. त्यांचा मुक्काम मलबार पॉइंटवरील गव्हर्नरांच्या बंगल्यात होता, जेथे आज महाराष्ट्राचे राज्यपाल राहतात. तेव्हा सर रिचर्ड टेंपल मुंबईचे गव्हर्नर आणि लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते.

या भेटीला वरची सारी सूत्रे लावून पाहता येतात. ब्रिटिश सरकारला एका निवृत्त अमेरिकी सेनानीचा एवढा सन्मान का करावासा वाटला, हा प्रश्न घ्यावा. ग्रँट यांच्याच कारकिर्दीत, १८७१ च्या वॉशिंग्टन तहाने आणि पुढच्या वर्षीच्या जिनिव्हा लवादाने, अमेरिकी यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेने वापरलेल्या, ब्रिटनमध्ये बांधलेल्या ‘अलाबामा’ जहाजाचा जुना वाद मिटला होता आणि ब्रिटनने १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई दिली होती. तो समेट टिकावा, ही लंडनची इच्छा होती. त्याच वेळी दुसरे अफगाण युद्ध चालू होते, म्हणजे साम्राज्याला मित्रराष्ट्रांच्या सदिच्छेची गरजही होती.

ग्रँट पुढे चीन आणि जपानला गेले, तेव्हा रिऊक्यू (आजचे ओकिनावा) बेटांच्या वादात चीनचे राजपुत्र कुंग आणि मुत्सद्दी ली हुंग-चांग यांनी त्यांना मध्यस्थीची विनंती केली. जपानने ती बेटे त्याच वर्षी आपल्या प्रशासनात सामील करून घेतली होती. ग्रँट यांनी जपानचे सम्राट मेजी यांच्याशी बोलून, युरोपीय सत्तांना मध्ये न घेता दोघांनी थेट बोलावे, असा सल्ला दिला. १८८० मध्ये मसुदा तयार झाला, पण चीनने त्यावर सही केली नाही. माजी अध्यक्षाची शिष्टाई कुठवर पोहोचते आणि कुठे थांबते, याचा इतका स्वच्छ पुरावा पुढच्या शंभर वर्षांतही फारसा मिळत नाही.

साधनांसाठी लांब जावे लागत नाही. मुंबई सरकारचे त्या काळचे दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात आहे, टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे आणि प्रवासवर्णने आहेत, आणि संदर्भग्रंथांसाठी कलिन्याच्या विद्यापीठ परिसरातील जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचे प्रकाशित दस्तऐवजी खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. पुराभिलेखागारात जाताना ओळखपत्र आणि संस्थेचे किंवा मार्गदर्शकाचे पत्र जवळ ठेवावे, आणि दप्तर मागवण्यापूर्वी विभाग, वर्ष आणि खंड सूचीतून काढून ठेवावेत. तेथे दिवस सूची शोधण्यातच जाऊ शकतो.

ज्यांना ग्रँट फार जुने वाटतील, त्यांनी कार्टर घ्यावेत. त्यांच्या मातोश्री लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकी सरकारच्या ‘पीस कोअर’ या परदेश-सेवा संस्थेच्या स्वयंसेविका म्हणून विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात सुमारे दोन वर्षे त्यांनी काम केले. २००६ मध्ये माजी अध्यक्ष कार्टर लोणावळ्याजवळ गरिबांसाठी घरे बांधण्याच्या उपक्रमात स्वतः हातोडा घेऊन उतरले. येथे कोणी परदेशी नेता त्यांच्याकडून काही मिळवू पाहत नव्हता. म्हणून या टिपणात नेत्याच्या रकान्याऐवजी विक्रोळीतील जुने रहिवासी, त्या काळचे कामगार आणि लोणावळ्याचे ग्रामस्थ यांच्या आठवणी नोंदवाव्यात. त्या घेताना बोलणाऱ्याची परवानगी, त्याचे तेव्हाचे वय आणि मुलाखतीची तारीख प्रत्येक वेळी लिहून ठेवावी, आणि आठवण व छापील नोंद जुळत नसेल तर दोन्ही तशाच शेजारी ठेवाव्यात.